स्प्रिंग 'बसली' म्हणजे नेमकं काय झालं?

1967 ची फोर्ड मस्टँग पुढून खाली गेलेली दिसली की लोक लगेच म्हणतात, "स्प्रिंग मऊ झाली." थांबा. गाडी खाली गेली हे निरीक्षण, मऊ झाली हा तुमचा निष्कर्ष.

कॉइल स्प्रिंगचा कडकपणा ठरतो तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास, वेटोळ्यांची संख्या आणि स्टीलचा दृढता गुणांक यांवरून. पन्नास वर्षांत यातलं काय बदललं? जवळपास काहीच नाही. सततच्या भाराने तारेत कायमचा पीळ राहतो आणि स्प्रिंगची मोकळी लांबी घटते. म्हणजे भार-लांबी आलेखाचा उतार तोच, रेषा तेवढी सरकते. एकाच मापातून हे कळणार नाही. दोन-तीन वेगवेगळी वजनं ठेवून मोजा. (उलट, वेटोळं कापलं तर मात्र कडकपणा खरोखर वाढतो.)

जुनी स्प्रिंग काढताना घाई नको. या गाडीत ती वरच्या कंट्रोल आर्मवर दाबून बसवलेली असते. कडकपणा 50 न्यूटन प्रति मिमी आणि ती 100 मिमी दाबलेली धरा: ऊर्जा 250 जूल, म्हणजे 10 किलोचं वजन अडीच मीटरवरून पडावं तेवढी. कॉम्प्रेसर निसटला तर हात गेलाच समजा.

नवी घातल्यावर खालच्या आर्मचा रबरी बुशचा बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यावरच आवळा. जॅकवर आवळलात तर पिळलेलं रबरच गाडी थोडी उचलून धरतं. उंची जास्त भरते आणि श्रेय नव्या स्प्रिंगला जातं!