लोणावळ्याची माती कोठें जाते ?

गेल्या आषाढांत लोणावळ्यास आमच्या वहिनींनीं इंद्रायणीच्या पाण्यानें भरलेला कांचेचा पेला खिडकींत ठेवला. "भावजी, तुरटी फिरवूं नका, आपोआप निवळूं द्या," अशी मला ताकीद होती. रेती क्षणांत तळाशीं बसली. तांबूस गढूळपणा मात्र दुसऱ्या दिवशींहि तसाच! मिलिमीटरच्या पांचशेव्या हिश्शाएवढा कण स्थिर पाण्यांत चार इंच उतरावयास सुमारें ८ तास घेतो. त्याहून बारीक कणांस दिवसच्या दिवस लागतात.

हे कण म्हणजे झिजलेला सह्याद्रि होय. सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्यापासून झालेल्या ह्या काळ्या पाषाणांत फेल्स्पार व पायरॉक्सीन हीं खनिजें मुख्य. घाटमाथ्यावरील मुसळधार पाऊस त्यांतील विरघळणारीं द्रव्यें धुऊन नेतो आणि लोह व ॲल्युमिनियम यांचीं ऑक्साइडें व केओलिनाइट नांवाची चिकणमाती मागें ठेवतो. म्हणून येथील पाणी तांबडें. तोच पाषाण पूर्वेच्या कोरड्या देशावर कुजला म्हणजे त्याचें स्मेक्टाइट होतें. पाण्यानें फुगणारी, उन्हानें भेगाळणारी आपली काळी माती ती हीच.

खरी गंमत पुढेंच आहे. इंद्रायणींत पडलेला कण भीमा-कृष्णेच्या संगतीनें बंगालच्या उपसागराची वाट धरतो. पुष्कळांचा प्रवास मात्र उजनीच्या जलाशयांतच संपतो. उलट लोणावळें, वळवण व शिरोता येथील टाटांच्या तलावांचें पाणी १९१५ पासून नळांतून खोपोलीस उतरतें आणि वीज देऊन पाताळगंगेच्या वाटेनें पश्चिम समुद्राकडे जातें. जड गाळ तलावांत राहतो. बारीक कण पाण्याबरोबर दिशा बदलतात! खाडीच्या खाऱ्या पाण्यांत त्यांचे पुंजके बनून ते तळाशीं बसतात. तुरटीचें काम तेथें मीठ करतें.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या (स्थापना १९६६) अभ्यासकांनीं पश्चिम किनाऱ्यावरील गाळ तपासला आहे. कच्छ-सौराष्ट्राकडे सिंधुनदानें आणलेलें इलाइट व क्लोराइट अधिक, खंबायतच्या आखातापासून कोंकणापर्यंत नर्मदा, तापी व सह्याद्रीच्या नद्यांचें स्मेक्टाइट, केरळाकडे केओलिनाइट. चिमूटभर गाळावरून त्याचें माहेर सांगतां येतें.

माहेरची स्थिति मात्र चिंतेची आहे. बंगल्यांसाठीं मावळांत डोंगरउतार कापले जातात, झाडें जातात, आणि बोटभर माती तयार होण्यास शतकें लागतात तेथें ती एका पावसांत ओढ्यास लागते.

चौथ्या दिवशीं पेला निवळला. तळाशीं सायीएवढा थर होता. वहिनींनीं तो तुळशींत ओतला आणि पेला पुन्हा भरावयास मुलास ओढ्यावर धाडलें.