माशीसाठी घडलेलं फूल

कासचं पठार फुलल्याची बातमी आली, की बेळगाव-निपाणीकडच्या गाड्याही साताऱ्याकडे वळतात. जरूर जावं. पण फुलांच्या आकाराचं गूढ उकलायला खानापूर, जांबोटी, चोर्ल्याकडचे गवताळ उतार पुरेसे आहेत.

सोनकीचं पसरट पिवळं फूल म्हणजे खुली पंगत. माशी, भुंगेरा, फुलपाखरू, कुणीही बसावं. तेरड्याचा मध मागच्या बारीक नळीत असतो, तिथे लांब सोंडच लागते. पांढऱ्या हबे आमरीची नळी त्याहून लांब, रात्री उडणाऱ्या पतंगांच्या सोंडेला जुळणारी. मादागास्करच्या आमरीची फूटभर नळी पाहून डार्विनने १८६२ मध्ये तेवढ्या सोंडेचा पतंग असणारच, असं भाकीत केलं होतं. तसा पतंग असल्याची नोंद १९०३ मध्ये झाली.

माझ्या मते मात्र या सगळ्यांवर मात करतं ते आपलं कंदीलपुष्प, म्हणजेच खरपुडी. गवतातून चढणारा नाजूक वेल, वर जाळीदार कंदील, मध्ये नळी, तळाशी फुगीर कोठी. वासाला भुलून चिलटाएवढी माशी आत शिरते. नळीतले केस आतल्या बाजूला वळलेले, त्यामुळे परतीची वाट बंद. धडपडताना परागांच्या पुड्या तिच्या सोंडेला चिकटतात. पुढे केस कोमेजतात, फूल कलतं आणि माशी सुटते. दुसऱ्या फुलात पुन्हा फसते, तेव्हाच पहिल्याचे पराग तिथे पोचतात. दक्षिण आफ्रिकेतली एक खरपुडी तर जखमी मधमाशीसारखा वास सोडते, कारण तिच्या माश्या अशाच मधमाश्यांवर पोसतात. हे संशोधन २०१६ मधलं.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव यांनी या वेलींचा अनेक वर्षं अभ्यास केला, दुर्मीळ जाती विद्यापीठाच्या बागेत वाढवल्या. सीमाभागाला त्याचं मोल अजून पुरतं कळलेलं नाही, असं मला वाटतं. खरपुडीचे कंद गोड म्हणून गुराखी पोरं उकरून खातात, हौशी लोक कुंडीत लावायला नेतात. कुंडीत फूल येईलही, पण योग्य माशी फिरकली नाही तर शेंग धरणार नाही.

निपाणीकडे तंबाखूचा शेंडा खुडतात, कारण पीक पानासाठी घ्यायचं असतं. तंबाखूचं त्यात बिघडत नाही. बियाण्यासाठी राखलेल्या झाडांवर फूल स्वतःच्याच परागांवर बी धरतं. रानफुलांपैकी अनेकांना ती सोय नाही. तरीही बांधावर तणनाशक मारताना आपण वेल पाहत नाही, आणि माशी वाचवायची असते हे तर मनातही येत नाही. मधमाशीसाठी मोहिमा निघतात, त्या निघाव्यातच. चिलटांची बाजू घेणारं मात्र कुणी नाही.

पाणंदीच्या आणि घाटरस्त्याच्या कडेला जिथे खरपुडी दिसते, तिथलं गवत ग्रामपंचायतींनी शेंगा फुटून रुईसारखं बी उडेपर्यंत कापू देऊ नये, तिथे औषधही मारू देऊ नये. याला वेगळा निधी लागत नाही.