बोटाएवढ्या हातांचा खजिना

पॅरिसजवळच्या म्यूदाँ या गावी जगप्रसिद्ध शिल्पकार ऑग्यूस्त रोदँ (१८४०–१९१७) यांचे घर आहे. तेथील संग्रहात मोठमोठ्या पुतळ्यांसोबत प्लास्टरचे इवलेसे हात, पाय, मस्तके आणि धडही जपलेली आहेत. काही हात तर बोटाएवढे! कुठे मूठ आवळलेली, कुठे बोटे वेदनेने आखडलेली. रोदँ गमतीने या तुकड्यांना ‘अबाती’ म्हणत. फ्रेंच भाषेत कोंबडीचे पाय, मान, पंख अशा किरकोळ भागांना हाच शब्द आहे.

मग एवढा मोठा कलावंत हे तुकडे का जमवत होता?

आरोप आणि उत्तर

१८७७ साली रोदँ यांचा ‘कांस्ययुग’ हा पुतळा प्रदर्शित झाला. तो इतका हुबेहूब होता, की जिवंत माणसाच्या अंगावरूनच साचा घेतल्याचा आरोप त्यांच्यावर झाला. ज्याने महिनोन्‌महिने मातीशी झुंज घेतली, त्याला हे किती झोंबले असेल! मॉडेलची छायाचित्रे दाखवून त्यांनी आपली बाजू मांडली. अखेर १८८० मध्ये फ्रेंच सरकारने तो पुतळा विकत घेतला. त्याच वर्षी त्यांच्याकडे ‘नरकद्वार’ या भव्य दरवाजाचे काम आले. त्यावर दोनशेच्या आसपास आकृती आहेत.

एक हात, अनेक देह

रोदँ आधी ओल्या मातीत अवयव घडवत. माती सुकली की तडकते, म्हणून मदतनीस तिचा साचा घेऊन प्लास्टरच्या अनेक प्रती काढत. प्लास्टर स्वस्त, लवकर घट्ट होणारे. कापावे, जोडावे, पुन्हा तोडावे. त्यामुळे तोच हात वेगवेगळ्या देहांना लावून पाहता येई. ‘नरकद्वारा’च्या माथ्यावरच्या तीन छाया म्हणजे एकच आकृती तीन कोनांतून उभी केलेली आहे. १९०८ चे ‘कॅथीड्रल’ नीट पाहा: एकमेकांजवळ आलेले ते दोन्ही हात उजवे आहेत, म्हणजेच दोन व्यक्तींचे!

१९१६ मध्ये रोदँ यांनी आपला सारा संग्रह राष्ट्राला अर्पण केला. पुढच्या वर्षी, मृत्यूच्या थोडे आधी, त्यांच्या स्वतःच्या हाताचा साचा घेण्यात आला. एके काळी ज्याच्यावर अंगावरून साचा घेतल्याचा ठपका आला, त्याच्या हाताची ही खरीखुरी प्रतिकृती. त्या प्लास्टरच्या बोटांमध्ये आजही आहे स्त्रीचे एक चिमुकले धड.