ताळा घेता येतो तिथेच एआय

दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर २बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचं पत्रक, तयार होतं आणि मासिक विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याला २० तारखेपर्यंत ३बी भरावं लागतं. चार-पाच माणसांच्या सी.ए. ऑफिसात या सहा दिवसांत मान वर करायला सवड नसते. १ जानेवारी २०२२ पासून, पुरवठादारानं दाखवलेलं बिल २बीमध्ये उतरलं असेल तरच त्यावरच्या कराचं क्रेडिट मिळतं. म्हणून टॅलीतली खरेदी आणि २बी ओळीला ओळ लावून जुळवायचं. क्लायंटची बिलं येतात व्हॉट्सअॅपवर. तिरकी काढलेली, घडी पडलेली, शिक्क्याखाली आकडा दडलेली. एआय घ्यावं का, हा प्रश्न छोट्या ऑफिसात पहिल्यांदा इथे उभा राहतो.

एआय म्हणून जे विकलं जातं, त्यात तीन निरनिराळी कामं असतात: वाचणं, जुळवणं आणि बोलणं. तिन्हींच्या चुका वेगळ्या, म्हणून तिन्हींवर ठेवायचा भरवसाही वेगळा.

वाचण्याचं तंत्र जुनं आहे. यान लकून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेल लॅब्जमध्ये घडवलेली न्यूरल नेटवर्क्स १९९०च्या दशकातच अमेरिकी बँकांमधल्या चेकवरचे आकडे वाचत होती. ७ कसा दिसतो याचा नियम त्यांना कोणी सांगितला नव्हता; हजारो नमुने दाखवले आणि दर चुकीनंतर नेटवर्कमधले आकडे थोडे थोडे सरकवले, एवढंच. आता सिमेंटच्या ५० पोत्यांचं एक बिल घ्या. करपात्र रक्कम १७,५०० रुपये, सीजीएसटी ९ टक्क्यांनी १,५७५, एसजीएसटी तितकाच, एकूण २०,६५०. फोटोतल्या घडीमुळे यंत्रानं १७,५००चे ११,५०० वाचले, तर ९ टक्के होतात १,०३५. कर जुळत नाही, बेरीज जुळत नाही. चूक तिथेच उघडी पडते. विक्रेत्याच्या जीएसटी क्रमांकाचंही तसंच. त्याच्या १५ चिन्हांपैकी शेवटचं चिन्ह आधीच्या १४ चिन्हांवरून ठराविक सूत्रानं काढलेलं असतं. मधलं एखादं अक्षर चुकीचं वाचलं गेलं, तर ते चिन्ह जमत नाही. हा ताळा घ्यायला एआय लागत नाही, साधा प्रोग्राम पुरतो.

जुळवणीत गणित जरा गमतीचं होतं. २बीत बिल क्रमांक ‘०१४५/२५-२६’ असतो आणि टॅलीत एन्ट्री मारणाऱ्यानं नुसतं ‘१४५’ लिहिलेलं असतं. दोन मजकुरांमधला फरक मोजायची एक रीत सोव्हिएत गणितज्ञ व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ मध्ये मांडली: किती अक्षरं घातली, काढली किंवा बदलली की एकाचं दुसरं होतं, ते मोजायचं. या मापानं वरच्या जोडीत सात बदलांचं अंतर आहे, तर १४५ आणि १४६ यांत फक्त एकाचं. प्रत्यक्षात पहिली जोडी एकाच बिलाची, दुसरी दोन वेगळ्या बिलांची! म्हणून चांगलं सॉफ्टवेअर बिल क्रमांकासोबत जीएसटी क्रमांक, तारीख आणि रक्कम यांनाही वजन देतं आणि शंकेच्या जोड्या बाजूला काढतं. माणसानं पाहायच्या त्या एवढ्याच.

बोलणाऱ्या एआयपाशी मात्र थांबायला हवं. चॅटबॉट पुढचा शब्द कोणता शोभेल याचा अंदाज बांधत जातो. कायदा बदलला की त्यानं शिकलेला जुना मजकूर आपोआप पुसला जात नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८चा १८ टक्के झाला. त्याआधीच्या मजकुरावर घडलेलं आणि नवी अधिसूचना न पाहणारं मॉडेल तितक्याच ठामपणे २८ सांगेल. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एक प्राप्तिकर आकारणी आदेश रद्द केला, कारण त्यात आधार म्हणून दिलेले तीन निवाडे अस्तित्वातच नव्हते. एआयनं दिलेलं उत्तर पडताळल्याशिवाय वापरू नये, असं न्यायालयानं यावेळी बजावलं. अशा चुकीला बेरजेचा ताळा लागू पडत नाही. मूळ निवाडा उघडूनच पाहावा लागतो.

आणखी एक चूक कागदावर दिसतच नाही. तेच सिमेंटचं बिल दुकानदारानं विक्रीसाठी घेतलेल्या मालाचं असेल, तर क्रेडिट मिळतं. दुकानाच्या किरकोळ डागडुजीचं असून महसुली खर्चात टाकलं असेल, तरी मिळतं. पण त्यातून त्यानं स्वतःचं गोदाम बांधलं असेल, तर जीएसटी कायद्याचं कलम १७(५) आड येतं आणि क्रेडिट बुडतं. बिलावर यातलं काहीच लिहिलेलं नसतं. गोदामाचं काम चालू आहे हे फोन करून विचारणाऱ्याला कळतं.

शिवाय, क्लायंटचं बँक स्टेटमेंट फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकणं ही किरकोळ बाब नाही. संमतीशिवाय क्लायंटची माहिती उघड करणं हे १९४९च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्यानुसार व्यावसायिक गैरवर्तन ठरतं. आपला डेटा कुठे साठतो, त्यावर मॉडेलला शिकवलं जातं का, हे सॉफ्टवेअर विकणाऱ्याकडून आधी लेखी घ्यावं.

सुरुवात करायची तर एकाच क्लायंटचा, विवरणपत्र भरून झालेला एक जुना महिना घ्या. ती बिलं यंत्राला द्या आणि त्याचं उत्तर तुमच्या हातच्या कामाशी ताडून पाहा. जिथे तपासायला लागणारा वेळ हातानं करण्याच्या वेळेपेक्षा बराच कमी असेल, तेवढं काम खुशाल यंत्राकडे सोपवा. जिथे तपासण्यासाठी सगळं पुन्हा करावं लागतं, तिथे एआयचे पैसे वाचवा. नोटीस आली तर उत्तर सॉफ्टवेअरला नाही, क्लायंटला आणि त्याच्या सी.ए.ला द्यावं लागतं.