शांतता झाली आणि दिवाळं निघालं

विरारहून चर्चगेटला जाताना मरीन लाइन्स मागे पडलं की उतारू दाराकडे सरकू लागतात. नोकरीच्या काळात मीही सरकत असे. गाडीखालची ती पट्टी एकेकाळी समुद्रात होती, आणि तो समुद्र बुजवण्याच्या कल्पनेनं अवघी मुंबई वेडी झाली होती!

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. त्यांनी मुंबईकडे मोर्चा वळवला. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी गाद्या उसवून कापूस विकल्याच्या गोष्टी अजून सांगतात. एवढा पैसा ठेवायचा कुठे? मग नव्या बँका निघाल्या, वित्त कंपन्या निघाल्या, बॅकबेत भरणी करून जमीन काढणारी कंपनी निघाली. तिचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. बँक ऑफ बॉम्बेत प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दाला मोठं वजन होतं. बँक कर्ज देई ते शेअरच्या तारणावर, आणि त्याच कर्जातून पुन्हा शेअर घेतले जात. बँकेत हयात घालवलेल्या माणसाच्या पोटात इथे गोळा येतो. कर्जामुळे तारणाचा भाव वाढतो, वाढलेल्या भावावर आणखी कर्ज मिळतं. आणि तोवर सगळेच हुशार ठरतात.

नोव्हेंबर १८६४ मध्ये गुजरातकडून आलेली रेल्वे वसईची खाडी ओलांडून ग्रँट रोडला पोचली, तेव्हा ही तेजी ऐन भरात होती. पुढच्याच एप्रिलात जनरल ली शरण आले. माणसं मरायची थांबली आणि मुंबईच्या बाजारावर सुतक आलं. अमेरिकेचा कापूस पुन्हा येणार म्हणताच भाव कोसळले. १ जुलै १८६५ला वायद्याचे सौदे पुरे करायचे होते. बहुतेकांजवळ पैसेच नव्हते. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत चढलेला शेअर ८७वर आला. १८६८मध्ये ती बँक गुंडाळावी लागली. शेतकऱ्याच्या कापसाचा भाव उतरला, सावकाराचं कर्ज मात्र उतरलं नाही.

हे सारं मला ठाऊक होतं. तरीही १९९२च्या मार्चमध्ये आमच्या वसईच्या शाखेत ओळखीचे एक वाडीवाले काका आले, तेव्हा मी गप्प बसलो. लेकीच्या लग्नासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडून त्यांना शेअर घ्यायचे होते. "साहेब, घेऊ ना?" त्यांनी विचारलं. मी नुसता फॉर्म पुढे केला. काय सांगणार? त्याच आठवड्यात मीही शेअर घेतले होते. एप्रिलात रोखे घोटाळा उघडकीला आला आणि बाजार गडगडला. लग्न झालं, पण केळीच्या वाडीचा एक तुकडा विकून. तिथे आज चार मजली इमारत उभी आहे.

बॅकबेची कंपनी बुडाली. भरणी झालेली किनाऱ्याची पट्टी मात्र उरली. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेला पहिली गाडी गेली. त्याच मार्गावरून पुढे माझी सारी नोकरी झाली. काकांनी मला कधी बोल लावला नाही. उलट वाटेत भेटले की अजून "साहेब" म्हणतात. त्या हाकेनं मला आजही ओशाळल्यासारखं होतं.