सुळ्याभोवतीची गाठ

फॉर्मालिनच्या बाटलीतली गाठ बाहेर काढण्याआधी मी एक्सरे पाहते. मुलगी 14 वर्षांची. दुधाचा सुळा पडलेलाच नाही, नाकाशेजारी थोडी सूज, दुखणं काहीच नाही. वरच्या जबड्याच्या हाडात अडकलेल्या कायमच्या सुळ्याभोवती रेखीव कडेची काळी पोकळी आहे. फॉर्मवर 'डेन्टिजेरस सिस्ट?' असं लिहिलंय. पण सिस्ट दाताच्या मानेपाशी चिकटलेली असते. इथे पोकळी मान ओलांडून मुळाच्या निम्म्यापर्यंत गेलीय, शिवाय आत रवा भुरभुरल्यासारखे पांढरे कण आहेत. शंका येते ती ॲडेनोमॅटॉइड ओडोन्टोजेनिक ट्यूमरची. सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत ही गाठ वरच्या जबड्यात होते. दोन तृतीयांश रुग्ण मुली आणि स्त्रियाच असतात.

पातं फिरवलं की ते कण करकरतात. आवरण जाड, अखंड. आत सुळ्याचा पांढरा माथा. दात आम्लात ठेवायचा, मऊ भाग मेणात बसवून चार-पाच मायक्रॉनचे काप घ्यायचे. घाई इथे चालतच नाही.

मायक्रोस्कोपखाली उंच पेशींची कडी दिसतात, मधे रिकामी जागा. ग्रंथींच्या नळ्या वाटाव्यात अशी; पण त्या खऱ्या नळ्या नव्हेत. केंद्रकं पोकळीपासून दूर, बाहेरच्या कडेला सरकलेली. आजूबाजूला पेशींचे भोवरे, गुलाबी थेंब, चुन्याचे खडे. मी प्रत्येक कापाची कड न् कड पाहते, कारण पूर्वी हिला ॲमेलोब्लास्टोमाचाच प्रकार समजत. तो हाडात घुसत जातो, त्यासाठी अनेकदा जबड्याचा भाग कापावा लागतो. ही गाठ मात्र आवरणासकट सोलून काढली की पुरे. 1969 मध्ये फिलिप्सन आणि बर्न यांनी ती वेगळी मानावी असं मांडलं, तेव्हापासून आजचं नाव रुळलं. कोवळ्या वयातल्या मुलीचा जबडा वाचतो तो या फरकामुळे. म्हणून शंका उरली तर मी आणखी काप मागवते. रिपोर्ट एक दिवस उशिरा गेला तरी चालेल.

रिपोर्ट न्यायला वडील आले. "परत होईल का हो, मॅडम?"

"पूर्ण निघालीय. परत आल्याची उदाहरणं फारच थोडी आहेत. हाड भरायला काही महिने लागतील, तोवर सर्जन सांगतील तेव्हा एक्सरे काढा. सुळ्याच्या जागेचं काय करायचं ते ऑर्थोडॉन्टिस्टना आत्ताच विचारून ठेवा."