बदलापूर लोकलच्या लांबीचा अल्बम

स्कायहार्बर हा दिल्लीच्या केशव धर यांनी सुरू केलेला प्रोग्रेसिव्ह मेटल बँड. 2012च्या पहिल्या, दुहेरी अल्बमच्या 'केऑस' भागात मुंबईच्या 'भयानक मौत' बँडचे सुनीथ रेवणकर घसा फोडून गायले होते. 2014च्या 'गाइडिंग लाइट्स'मध्ये मात्र डॅनियल टॉम्पकिन्स यांचा मोकळा, उंच आवाज आणि तरंगती गिटार. गर्जनेच्या चाहत्यांना हे मवाळ वाटलं. इतरांना नेमकं हेच भावलं. मीही या दुसऱ्यांतलाच. दहा गाणी, तासाहून जास्त. लोकलच्या बदलापूर ते सीएसएमटी या 68 किलोमीटरांत सलग ऐकून होतात. अंबरनाथ, उल्हासनगरला गर्दी चढली की डब्याच्या गलक्यात संथ जागा बुडतात, म्हणून इअरफोन कानात घट्ट बसणारेच घ्या.